डावीकडचं मडगार्ड

जामनगर,
१२ जून

ती. आप्पांना नमस्कार.

फोनवर आपलं धड बोलणं होत नाही. मी बोलायला लागले की तुम्ही "बरं, बरं" म्हणता, फोन ठेवता आणि मग मनात असतं तेच करता. म्हणून आता लिहिते. पत्र तरी शेवटपर्यंत वाचाल.

विषय तोच, तुमची ॲम्बॅसडर. मे महिन्यात तुम्ही आम्हाला वेरूळला नेलंत तेव्हा सोनियानं अख्खा रस्ता दोन्ही कानांवर हात ठेवले होते. आठ वर्षांची पोर, उतरल्या उतरल्या ओकली. माझ्या पायाखालच्या भोकातून मला डांबर पळताना दिसत होतं, आप्पा! डावीकडचं मडगार्ड तारेनं बांधलेलं, डावीकडच्या मागच्या दाराला आतून दोरी. पर्यटक जुनी गाडी म्हणून हौसेनं बसतात, फोटो काढतात, कबूल. पण उद्या ते दार चालत्या गाडीत उघडलं तर?

तुम्ही गाडी चालवणं सोडा असं मी म्हणत नाही. आई गेल्यावर तुम्हाला घराबाहेर काढणारं तेवढंच उरलंय हे मला कळतं. पण रस्त्यावर ठेवायची तर नीट करून ठेवा, नाहीतर विकून टाका. दिवाळीत आम्ही येऊ तेव्हा या अवस्थेतल्या गाडीत मी पोरीला बसवणार नाही.

जुन्या मोंढ्यामागच्या बद्रीनाथकाकांशी मी बोलले आहे. त्यांच्याइतका पत्र्याचा माणूस आता शहरात उरला नाही असं तुम्हीच म्हणता. मडगार्ड नवं, डावीकडची दोन्ही दारं नवी, तळाचा पत्रा नवा. मग आतून सगळीकडे आवाज आणि उष्णता अडवणाऱ्या डांबरी शीट आणि त्यावर नमदा, म्हणजे लोकरीचा जाड थर. खर्च आम्ही करतोय, त्यावर चर्चा नको.

आणि एक. आईला तुम्ही त्या खडखडाटात प्रत्येक फेरीला शेजारी बसवून न्यायचात. तिच्या छातीत दुखायचं तरी. तो राग माझ्या मनातून गेलेला नाही. उगीच खोटं कशाला लिहू?

तुमची,
शीला


छत्रपती संभाजीनगर,
२१ जून

चि. सत्यशीला, आशीर्वाद.

शेवटपर्यंत वाचलं. दोनदा वाचलं. बापाला हुकूम सोडायची तुझी मिजास थेट तुझ्या आईची आहे, म्हणून सोडून देतो.

गाडी बद्रीनाथच्या शेडात नेऊन लावली. त्यानं डावं अंग सगळं उतरवलंय. खालची सडकी पट्टी कापायच्या आधी दारांच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड केले. तसं केलं नाय तर गाडी मधूनच बसती अन मग कुठलंच दार जन्मात लागत नाय. मडगार्ड कलकत्त्याहून आलं, कोरं. तुला वाटत असंल नवं आणलं की चिकटवलं. तसं नसतं बाई. बोल्ट सैल ठेवायचे, दार टांगायचं, बॉनेट पाडायचं, फट बघायची. वरती माझं बोट जाई, खाली पोस्टकार्डही शिरंना. परत उतरव, परत ठोक. मी दिवसभर स्टुलावर बसून असतो. लई दिवसांनी बरं वाटलं.

बद्रीनाथ म्हणला, "त्रिंबकभाऊ, उजवीकडचा पत्रा अजून फॅक्टरीतनं आल्यावाणी हाय, मग डाव्या अंगाचीच एवढी चाळण कशी झाली?" म्हणलं, बाबा, गुलमंडीमागच्या आमच्या बोळात डावीकडं भिंत आहे, आत शिरताना घासते. तुलाही तेच सांगतो, तू विचारायच्या आधी.

आता ते शीट अन नमद्याचं. ते मला नको. नमदा पाणी धरतो, खालचा पत्रा परत सडंल. अन गाडीचा आवाज ड्रायव्हरला ऐकू यायला लागतो. मी चाळीस वर्षं गाडी कानानं चालवली. पोरीला त्रास होत असंल तर कानात कापूस घाल तिच्या. पत्रे बदल म्हणलीस, बदलले. आतलं राहू दे.

तुझ्या आईचं जे लिहिलंस त्याला उत्तर देत नाय.

तुझा,
आप्पा


जामनगर,
२ जुलै

ती. आप्पांना नमस्कार.

कानात कापूस! वाचून हसावं की रडावं कळेना. तुमचे जावई तर पत्र घेऊन शेजारच्यांना दाखवायला निघाले होते.

नमद्याचं म्हणणं पटलं. म्हणून बद्रीनाथकाकांशी परत बोलले. ते म्हणाले तळाला नमदा नको, तिथं पाणी न धरणारा फोम टाकू. दारांत, छताला आणि इंजिनच्या भिंतीला शीट लावू. दारांचे रबरही नवे टाकायला सांगितलेत. म्हणजे सडायची भीती गेली. आता तुमच्याकडे कारण उरलं नाही.

"गाडी कानानं चालवतो" हे पर्यटकांना ऐकवायला छान आहे. लोक डोळ्यांनी चालवतात, आप्पा. आणि तुमचे डोळे देवाच्या दयेनं या वयात माझ्यापेक्षा बरे आहेत. तुमचं अक्षर बघून इथल्या बायका थक्क होतात. चष्म्याशिवाय एका रेषेत लिहिता.

तुम्हाला दगदग नको, शांत गाडीत बसावं, एवढंच माझ्या मनात आहे. आईला ते सुख देता आलं नाही. तुम्हाला तरी घेऊ दे की.

तुमची,
शीला


छत्रपती संभाजीनगर,
२६ जुलै

चि. शीलास आशीर्वाद.

गाडी झाली. काळा रंग असा दिलाय की मडगार्डात तोंड बघून भांग पाडावा. दार लावलं की पूर्वी पत्र्याचा डबा आपटायचा, आता नुसतं थप्प होतं. मोंढ्यातले हमाल हातातलं काम टाकून बघायला आले. बद्रीनाथनं पेढे वाटले. लई देखणी झाली, खोटं बोलणार नाय.

पण पोरी, गाडी मुकी झाली. बसल्यावर कानात बोळे घातल्यासारखं वाटतं. पूर्वी डावीकडनं स्कूटर आली की तिची फटफट पत्र्यातून आत यायची, हातगाडीचा खडखडाट यायचा, सायकलवाल्याचा खाकरा सुद्धा. आता काही नाय. एकदम शेजारी कुणीतरी उभं असतं. काच खाली करून चालवतो, पण पाऊस लागून राहिलाय, सवारी कुरकुर करते. परवा क्रांती चौकात एक रिक्षावाला मला नको नको ते बोलला.

सगळं काढत नाय. तुझा खर्च झालाय, तुझं मन मोडायचं नाय. डावीकडच्या दोन दारांतलं तेवढं काढू का? बद्रीनाथ म्हणतो, "त्रिंबकभाऊ, तुमची मुलगी सांगेल तर काढतो." आता माझ्या गाडीला तुझी परवानगी लागती.

लवकर लिही.

आप्पा


जामनगर,
४ ऑगस्ट

आप्पा,

सोनियाच्या शाळेच्या परीक्षा चालू आहेत, दोनच ओळी. काही काढायचं नाही. नव्या गोष्टीची सवय व्हायला वेळ लागतो. मिक्सर आणला तेव्हाही तुम्ही महिनाभर पाटाच पाहिजे म्हणत होतात.

दिवाळीची तिकिटं काढली. सोनिया रोज विचारते, आजोबांची गाडी खरंच आता आवाज करत नाही का?

शीला


छत्रपती संभाजीनगर,
१९ ऑगस्ट

चि. शीलास आशीर्वाद.

तुला दुसरीकडून खबर लागायच्या आत लिहितो. घाबरू नको, मला खरचटलंही नाय.

वेरूळहून रिकामी गाडी घेऊन येत होतो. दुपारची वेळ, रस्ता कोरडा. पुंजाराम नावाचा एक मेंढपाळ डाव्या कडेनं मेंढरं घेऊन चालला होता. ती एकदम रस्त्यावर आली अन त्यांना आवरायला तोही आला. मडगार्डाचा धक्का बसला त्याला. डावा पाय मोडला, मांडीत अन घोट्यात. घाटी दवाखान्यात भरती केलंय. दोन मेंढरं मेली.

पोलीस आले. मी जबानी दिली की मेंढरं अचानक आडवी आली, माझा काही इलाज नव्हता. तिथं जमलेली माणसंही म्हणली की हे लोक रस्ता आपल्या बापाचा समजतात. साहेब मला खुर्ची देऊन म्हणले, काका, तुम्ही घरी जा, गाडी एवढी जपणारा माणूस बेफाम चालवणार नाय. उलट त्याच्यावरच गुन्हा घालायचं बोलत होते, जनावरं मोकळी सोडल्याचा.

त्याची बायको भागूबाई काल घरी आली होती. भांडली नाय. म्हणली, "दादा, आमची मेंढरं कडेला होती. कडेलाच होती." अन उभी राहिली. मी पाणी दिलं. प्याली नाय.

दारांतलं, छताचं सगळं फाडून काढलं मी स्वतः. तू म्हणशील पैसे पाण्यात. म्हण.

सोनियाला काही सांगू नको.

आप्पा


जामनगर,
२८ ऑगस्ट

आप्पा,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी तुमच्याच बाजूनं होते. वकिलाला फोन केला. आप्पांची चूक नाही म्हणून सांगितलं. रात्री पत्र परत वाचलं.

मेंढरांचा कळप अचानक कसा येतो? दुपारी, कोरड्या सरळ रस्त्यावर? एवढा मोठा कळप लांबून दिसतो. मग तुम्हाला का दिसला नाही?

बद्रीनाथकाकांना जुने पत्रे कुठे आहेत विचारलं. शेडामागे पडले होते, त्यांनी फोटो पाठवला. मडगार्डाला वेगवेगळ्या उंचीवर पोचे आहेत. एकात निळा रंग, एकात पिवळा. बोळातली भिंत एकाच उंचीवर घासते, आप्पा, आणि ती चुन्याची आहे. काका म्हणाले, हे सगळं गेल्या दोन वर्षांतलं. त्याआधी या गाडीच्या पत्र्यासाठी तुम्ही त्यांना कधी बोलावलंच नव्हतं. दोन वर्षं. आई जाऊन दोन वर्षं झाली.

मग मला आठवलं. लग्नानंतर एकदा मी मागे बसले होते आणि आई पुढे सारखी पुटपुटत होती. "सायकल. म्हातारी. बैलगाडी, थांबा. आता मोकळं." मला वाटलं घाबरते. मी तिच्यावर ओरडले, "आई, गप्प बस की, त्यांना चालवू दे." ती गप्प बसली. तुम्ही लगेच गाडी कडेला घेतली आणि म्हणालात, चहा पिऊ. तिथं चहाची टपरीसुद्धा नव्हती.

तुम्हाला डावीकडचं दिसत नाही. हो ना? आई सांगायची म्हणून चालवत होतात. ती गेल्यावर कानावर चालवलंत. आणि ते कान मी शीट लावून बुजवले. तुम्ही माझ्याकडे डाव्या दारांतल्या शीट काढायची परवानगी मागितलीत आणि मी मिक्सरचं सांगितलं! पण आप्पा, खरं कारण एका ओळीत लिहिलं असतंत तर? मी काय तुम्हाला खाल्लं असतं?

पुंजाराम कडेला होता. त्याच्यावर गुन्हा घालतायत. पोलिसात जा आणि खरं सांगा. तुमच्या उत्तराची वाट बघते.

शीला


छत्रपती संभाजीनगर,
८ सप्टेंबर

शीला,

व्हय. दिसत नाय.

काचबिंदू म्हणला डॉक्टर, आठ-नऊ वर्षं झाली. समोरचं लख्ख दिसतं. वाचतो, लिहितो, लायसनच्या तपासणीला समोरची अक्षरं धडाधड वाचली. पण डावीकडं काही नाय. अंधार पण नाय. तिथं जगच नसतं. माणूस तिथून एकदम निघतो अन समोर येतो.

तुझ्या आईला दवाखान्यातनं येतानाच सांगितलं. म्हणलं राजा, गाडी विकू. ती म्हणली, विकून घरात बसाल अन माझं डोकं खाल. मी बसते डावीकडं. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन पुढच्या सीटवर हजर. सवाऱ्यांना वाटायचं नवरा-बायकोचं लई प्रेम आहे. मी तिला नेत नव्हतो, ती चढून बसायची. छातीत दुखत होतं त्या दिवशी मी नको म्हणलो. एकदा म्हणलो. तिनं ऐकलं नाय अन मी दुसऱ्यांदा म्हणलो नाय, कारण सवारी दारात उभी होती. तुझा राग बरोबर आहे. आता त्याचं मी काय करू सांग.

तुझी आई गेल्यावर सोडायला पाहिजे होतं. पण मी गाडीत बसलो की त्रिंबक ड्रायव्हर असतो. खाली उतरलो की गल्लीतला एक म्हातारा, ज्याला जिन्याची डावी भिंत चाचपावी लागती.

पोलिसात जाऊन काय सांगू? आंधळा असून चालवत होतो? मला आत टाकतील. लोक थुंकतील. पुंजारामच्या घरी मी धान्य पाठवतोय, औषधाचं बघतोय, त्याला कमी पडू देणार नाय. गाडीला हात लावणार नाय, तुझ्या आईची शपथ. एवढ्यावर भागव. माझी लेक आहेस, माझ्या बाजूनं राहा.

आप्पा


जामनगर,
१६ सप्टेंबर

ती. आप्पा,

धान्यावर भागत नाही. पुंजारामचा पाय मोडला आणि वर त्यालाच दोषी ठरवलं. भागूबाई तुमच्या दारात एकच वाक्य घेऊन आली होती, आणि ते खरं आहे हे फक्त तुम्हाला माहीत होतं. आता मलाही माहीत आहे. मी त्या बाईला कुठल्या तोंडानं भेटू? सोनियाला काय शिकवू?

मी तुमची लेकच आहे. म्हणून वाट बघितली. रोज वाटलं आज फोन येईल, आप्पा म्हणतील जाऊन आलो. आला नाही.

मी पोलीस ठाण्याला अर्ज लिहिला आहे. तुमच्या डोळ्यांचं, आईचं, शीट मी लावायला लावल्या त्याचं, सगळं. तुमची तपासणी करा, पुंजारामचं नाव सोडा, असं लिहिलंय. हे पत्र आणि तो अर्ज एकाच दिवशी पेटीत टाकते. तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण सोसीन.

शीला


छत्रपती संभाजीनगर,
१ ऑक्टोबर

चि. सत्यशीलास आशीर्वाद.

अर्ज पोचला. मला बोलावलं. साहेबांनी तोच वाचून दाखवला, सगळ्यांसमोर. या वेळी खुर्ची दिली नाय. मग विचारलं, काका, मुलीनं लिहिलंय ते खरं का? तोंडात "नाय" आलं होतं. समोर भिंतीला टेकून भागूबाई बसली होती. म्हणलो, व्हय. मेंढरं कडेला होती.

डोळे तपासले, लायसन घेतलं. केस होईल, कोर्टात जावं लागंल, वकील म्हणतो वयाकडं बघतील. बघोत न बघोत. पुंजारामचं नाव काढलं. भागूबाई जाताना या वेळी माठातलं पाणी स्वतः घेऊन प्याली.

तुझ्यावर लई संतापलो होतो. बद्रीनाथला म्हणलं, असली लेक दुश्मनालाही नको. तुझं पत्र फाडलं. मग तुकडे गोळा केले. तुझ्या आईनं माझी लाज झाकली अन तू उघडी केलीस, अन आज या घडीला मला दोघींतली जास्त जवळची कोण ते सांगता यायचं नाय.

बोळातल्या दगडाबाईला सांगितलं मला डावीकडचं दिसत नाय म्हणून. ती म्हणली, मग इतके दिवस मला ओळख न देता जायचा तो मिजासीनं नव्हं व्हय? गल्लीत अशी किती माणसं माझ्यावर रुसून असतील कुणास ठाऊक. रोज एकेकाला सांगतोय.

दिवाळीला तिकीट रद्द करू नको. घ्यायला स्टेशनवर येईन, रिक्षानं. उन्हाळ्यात सोनिया माझ्या डाव्या हाताला येऊन उभी राहिली होती अन मी तिला ओलांडून पुढं गेलो होतो. ती रडली, तुम्हाला वाटलं गर्दीनं. तिला सांग, आजोबानं मुद्दाम केलं नव्हतं. अन दोघी रेल्वेतनं उतरलात की बाजूनं येऊ नका, मला दिसायच्या नाय.

समोरून या.

तुझा,
आप्पा